रॉकेटचे पाय आणि माझी एक सही: डहाणू-तलासरीचे तीन दिवस

"आई, शनिवारी ये. तुझी एक सही हवीय," मुक्ता फोनवर म्हणाली. कसली विचारलं, तर "आल्यावर सांगते." झालं! आता अशा लेकीच्या आईला झोप लागणार आहे का? घराचं कर्ज, लग्न, ऑपरेशन, पोलीस, सगळं डोक्यात येऊन गेलं. माझ्या नेहमीच्या वाचकांना मी किती घाबरट आहे ते ठाऊक आहेच. गॅसचं बटण तीनदा बघून निघते आणि जिन्यातून परत वर जाते. मुक्ताचे बाबा गेल्यापासून आम्ही दोघीच आहोत, त्यामुळे माझी सगळी काळजी तिच्या एकटीच्या वाट्याला येते.

नाशिकहून सकाळी सहाला गाडी काढली. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, कासा, चारोटी, मग गंजाड आणि आशागडवरून डहाणू. मोखाड्याच्या आसपास वळणं फार आहेत आणि समोरून येणारे ट्रक रस्ता त्यांच्या नावावर असल्यासारखे येतात. पेट्रोल जव्हारलाच भरून घ्या. थांबत थांबत पाच तास लागले. नवीन चालकांनी पावसाळ्यात हा रस्ता टाळावा, असं माझं भित्रं पण प्रामाणिक मत.

मुक्ता तलासरीजवळच्या एका शेडमध्ये इंजिनिअर आहे. परग्रहांवर माणसं नेऊ शकतील अशी प्रचंड रॉकेटं परदेशात तयार होतायत. ती परत येऊन जमिनीवर उभी उतरली तरच पुन्हा वापरता येतील, आणि उभं राहायचं तर पाय हवेत. त्या पायांचे छोटे नमुने मुक्ताचे लोक बनवतात आणि आपटून बघतात. गेली तीन वर्षं मी शेजारणींना "ती गाड्यांचे पार्ट बनवते" असं सांगत आलेय. सोपं पडतं.

ती डहाणूत खाडीजवळ वसंतकाका आणि हिरामावशींच्या घरी वरच्या खोलीत भाड्याने राहते. काका होड्यांचे सुतार. मावशी बोंबील सुकवून बाजारात विकतात. त्यांनी मला ओल्या बोंबलांचं कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. असं कालवण हॉटेलात मिळत नाही, शोधू नका.

संध्याकाळच्या भरतीला काकांनी दुरुस्त केलेली एक होडी पाण्यात जायची होती. आम्ही बघायला गेलो. कुजलेली फळी बदलून, फटींत कापूस आणि राळ ठोकून त्यांनी पंधरा दिवसांत ती उभी केली होती. होडी लोटली, आणि सत्तरीला टेकलेले काका पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आत जाऊन बसले.

"हे कुठे निघाले?" मी घाबरून विचारलं.

"पहिल्या फेरीला सुतार बसतो," मावशी म्हणाल्या. "यांच्या बापाचा नियम हाय. ज्यानं फळी मारली, त्यानं आधी बसायचं. नाय बसला तर मालक होडी नेत नाय."

मला हे इतकं आवडलं की मी तिथे किनाऱ्यावर भाषणच ठोकलं. असा नियम सगळीकडे हवा! पूल बांधणाऱ्याने पहिली गाडी न्यावी, लिफ्ट बसवणाऱ्याने आधी वर जावं! मुक्ता माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, लेकीला आईचा विचार पटला.

रविवारी तलासरी. चारोटीला येऊन महामार्गाने वर जायचं, वाटेत विवळवेढ्याला महालक्ष्मीचं दर्शन घेतलं. देवळाबाहेर चहा आणि भजी चांगली मिळाली. मुक्ताने देवीसमोर जरा जास्तच वेळ डोळे मिटले. ही पोरगी परीक्षेच्या दिवशीसुद्धा देवाला लांबून हात करून जायची.

चाचणी एका बंद पडलेल्या दगडखाणीत होती. क्रेनला एक लोखंडी सांगाडा टांगलेला, साधारण दोन माणसांच्या उंचीचा, खाली चार पाय फाकवलेले. आम्हाला वाळूच्या पोत्यांच्या भिंतीमागे उभं केलं. डोक्यावर हेल्मेट, तेही मला ढिलं. कुणीतरी उलटे आकडे मोजले. मी मुक्ताचा दंड धरला.

सांगाडा सुटला. आवाज असा झाला की माझ्या दातांत झिणझिण्या आल्या. धूळ खाली बसली तेव्हा तो उभा होता. मी टाळी वाजवायला हात उचलला आणि तेवढ्यात एक पाय हळूहळू आत मुडपला, सगळा डोलारा कलला आणि धाडकन आडवा झाला. माझी किंकाळी खाणभर घुमली. बाकी कुणीच ओरडलं नाही. मुक्ता तर हसत होती!

"पडलं ना गं ते!"

"पाडायलाच आणलंय, आई. इथे पडलं ते बरं. आता कळेल कुठे चुकलं."

मग महामार्गावरच्या एका ढाब्यावर, शेवभाजी येईपर्यंत, तिने पिशवीतून कागद काढला. ज्यांच्यासाठी हे पाय बनतात त्या मोठ्या कंपनीने परग्रहावरच्या पुढच्या प्रवासांच्या प्रशिक्षणासाठी माणसं मागवली होती. मुक्ता दोन फेऱ्या पार करून पुढे गेली होती. मला एका अक्षराने सांगितलं नव्हतं. आता जवळच्या नातेवाइकाची सही हवी होती. मी चष्मा लावून वाचलं. "परतीचा प्रवास निश्चित सांगता येत नाही, याची मला कल्पना आहे."

"रॉकेट परत येणार ना?" मी विचारलं.

"हो. म्हणून तर पाय."

"आणि तू?"

ती म्हणाली, "परतीचं इंधन तिथेच बनवायचंय. ते अजून कुणाला जमलेलं नाही. जमेल."

"मग जमल्यावर जा! दुसऱ्या कुणाला पाठव आधी!"

"काल तूच म्हणालीस ना, आई? ज्याने बनवलं त्याने आधी बसावं."

मी कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि जेवण तसंच ठेवून उठले. खरं सांगते, लोखंड बनवणाऱ्यांनी लोखंड परत यायची एवढी सोय करावी आणि माझ्या पोरीसाठी एक वाक्य छापावं, याचा मला भयंकर राग आला. त्याहून जास्त राग आला तो तिचा. तिच्या चेहऱ्यावर भीतीचा मागमूस नव्हता. न घाबरणारी माणसं पडतात, असं मला लहानपणापासून वाटत आलंय.

परतल्यावर मी हिरामावशींजवळ अंगणात बसले. त्या सुके बोंबील निवडत होत्या. मी सगळं सांगून टाकलं आणि विचारलं, "तुम्ही काकांना कधी अडवलं नाही?"

"अडवला की. एकदा. खाडीच्या तोंडाला एक होडी बुडाली होती त्या साली. मी बोलले, बस झालं, नाय जायचं. नाय गेला तो."

"मग?"

"मग कोण होडी आणतोय त्याच्याकडं? वरीसभर ओट्यावर बसून होता. घरातच होता, ताई, पण मला त्याचं तोंड बघवत नव्हतं. शेवटी मीच बोलले, जा बाबा."

त्यांनी हे अगदी सहज सांगितलं आणि चांगले बोंबील वेगळे करून मला कागदात बांधून दिले. मला मात्र त्या रात्री सारखं दिसत राहिलं की मुक्ता माझ्या नाशिकच्या घरात आहे, सुखरूप आहे, आणि माझ्याशी बोलत नाही.

सोमवारी सकाळी निघाले. निघताना आम्ही दोघी चिकू, टायरची हवा, घाटातलं धुकं यांवर बोललो. कागदाचा विषय तिने काढला नाही, मीही नाही. घाटात दोनदा गाडी बाजूला घेऊन रडले. हेही प्रवासवर्णनच आहे, म्हणून लिहिते.

प्रवासाला जाणाऱ्यांसाठी: डहाणू-तलासरीला दोन दिवस पुरतात. चिकू कडक घ्या, घरी पिकवा. किनाऱ्यावर दुपारी टोपी लागते.

आता माझं. कागद आठ दिवस टेबलावर होता. माझी भीती काडीइतकीही कमी झाली नाही, आणि कमी होईल म्हणून थांबण्यात अर्थ नव्हता. मंगळवारी चहा झाल्यावर सही केली, फोटो काढून तिला पाठवला. माझी सही वाकडी आलीय.

लगेच फोन वाजला. मला वाटलं, आता ही आनंदाने किंचाळणार. पण पलीकडे नुसता श्वास ऐकू येत होता.

"मुक्ता? बोल की."

"आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज सहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता, "मला खूप भीती वाटतेय गं."

मग नको जाऊस. हे तीन शब्द अगदी ओठांवर होते. त्या क्षणी म्हटले असते तर तिने ऐकलं असतं, हे मला आजही पक्कं माहीत आहे.

"मलाही," मी म्हटलं. "सांग, कशाकशाची वाटते?"

आणि ती सांगायला लागली.