आज काय चिरलं?

"आज काय चिरलं गं?" सकाळी मी दार उघडलं की आत्यांचा पहिला प्रश्न हाच. हातातली बादली पुढे करायच्या आणि माझ्या केराच्या डब्यात खुशाल डोकावायच्या.

त्या मूळच्या साताऱ्याकडच्या माण तालुक्यातल्या. मुलाच्या नोकरीमुळे सांगलीला आमच्या इमारतीत आल्या आणि महिन्याभरात सगळ्यांच्या आत्या झाल्या.

तेव्हा घंटागाडीवाल्याने आमचा कचरा उचलणं बंद केलं होतं. ओला-सुका सगळा एकत्र असायचा. जिन्याखाली पिशव्यांचा ढीग साचला. पाट्या लावल्या, दंडाची धमकी दिली. कुणी हललं नाही. बैठकीत तर हमरीतुमरीच झाली. तेव्हा मागून आत्या म्हणाल्या, "आवं, भांडताय कशाला? सालपटं मला द्या की. गच्चीवर खत करते."

दुसऱ्या दिवसापासून त्या दारोदार फिरू लागल्या. तुम्हीही पाहिलं असेल, पाटी वाचून ढिम्म न हलणारा माणूस दारात हसत उभ्या राहिलेल्या बाईला रिकाम्या हाताने पाठवत नाही. त्यात आत्यांचं कौतुक! "वाटाण्याची टरफलं? पावणं आलं व्हय?" असं विचारल्यावर डबा वेगळा ठेवायला हुरूपच यायचा.

तळमजल्यावरच्या निवृत्त गुरुजींना मधुमेह. त्यांच्या डब्यात एकदा कागदात गुंडाळलेल्या आंब्याच्या साली निघाल्या. आत्या हळूच म्हणाल्या, "म्या काय बघितलं न्हाई, गुरुजी."

उन्हाळ्यात गच्चीवरची खताची पिंपं घाण मारू लागली. सगळे वर जमले. गुरुजी सर्वांत पुढे. "हे आजच्या आज खाली न्या! असं काय कुजलंय यात?"

गुरुजींच्या पत्नी शेजारीच उभ्या होत्या. आत्यांनी एकवार गुरुजींकडे पाहिलं. "समद्यांच्याच घरचं हाय," एवढंच बोलल्या. डोळे मात्र भरले होते.

गुरुजी खाकरले. "बरं, आठवडाभर वाट बघू."

आत्यांनी भावाच्या शेतातून उसाचं वाळलेलं पाचट मागवलं, थर देऊन पिंपं पुन्हा भरली. वास गेला. पुढे त्याच खतावर वांगी धरली. घरटी वाटण्याइतकी नव्हती, म्हणून आत्यांनी सगळ्यांचं मिळून भरीत केलं आणि गच्चीवर पंगत बसवली. "खावा, तुमच्याच सालपटांचं हाय!" गुरुजींनी दोनदा मागून घेतलं. त्या दिवसानंतर डबा वेगळा ठेव म्हणून कुणाला सांगावं लागलं नाही.

यंदा लेकीला जुळं झालं आणि आत्या तिच्याकडे दहिवडीला गेल्या, त्या तिकडेच रमल्या. त्या गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी सवयीने दार उघडलं. समोरचंही उघडलं, वरचंही. सगळे आपापला डबा धरून जिन्याकडे बघत उभे. एकमेकांना पाहून हसू फुटलं. तेवढ्यात खालून गुरुजी एकेक पायरी चढत आले. धोतराचा सोगा एका हातात, दुसऱ्या हातात बादली. आमच्यापुढे थांबून म्हणाले, "चला, बघता काय? वर पिंपं वाट बघतायत."