सासूबाईंसाठी स्टूल

आमच्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे बदलले आणि डॉक्टरांनी बजावलं, आता जमिनीवर बसणं कायमचं बंद. बाकीची सगळी पथ्यं त्यांनी निमूट ऐकून घेतली. घरी आल्यावर वॉकर धरून हॉलमध्ये फेऱ्या मारू लागल्या, देवासमोर उभं राहून दिवा लावू लागल्या. स्वयंपाकघरात मात्र पाऊल टाकेनात.

आमच्या स्वयंपाकघरात फ्रिज आणि ओटा यांच्या मधल्या दोन फरश्या त्यांच्या. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या तिथेच पाट टाकून बसायच्या, पुढ्यात विळी. मी ओट्याशी उभी. मग खालून सुरू व्हायचं. गॅस बारीक कर, तिखट अजून घाल, तुझ्या नणदेचा फोन आला होता, शेजारणीनं पुन्हा आपल्या दोरीवर कपडे टाकले. कधी कधी मला वाटायचं, देवा, ही बाई एक दिवस तरी गप्प बसू दे! आणि आता त्या महिनाभर गप्प होत्या, तर मला त्या दोन फरश्यांकडे बघवेना. भाजीत मीठ दोनदा पडायचं किंवा पडायचंच नाही. खोटं कशाला बोलू, मला करमत नव्हतं.

पहिला शहाणपणा केला तो असा, की त्यांच्या पलंगावर लाकडी फळी, चाकू आणि वालाच्या शेंगा नेऊन ठेवल्या. त्यांनी चाकू दोन बोटांनी उचलून बाजूला सरकवला.

“चाकूनं का भाजी चिरतेत? चाकूनं केक कापतेत.”

म्हणजे विळीच हवी. आणि विळीपाशी बसायचं तर स्टूल हवं. एवढंच ना, म्हटलं, हे काय चार दिवसांत होईल. अहो, मला लाकडाचं भारी वेड. बँकेत होते तेव्हा मोठ्या साहेबांच्या खोलीत जायचं निमित्त शोधायची, का, तर तिथलं सागवानी टेबल बघायला.

आधी गेले जुन्या सामानाच्या दुकानात. पडलेल्या घरांची दारं, खांब, झोपाळे यांच्या मागे एक बैठं स्टूल होतं. मी ते पाहिलं आणि संपलंच! जुनं सागवान, एकही खिळा नाही, पाय खाचेत असे बसलेले की नख शिरू नये. वरच्या फळीच्या कडा माणसांच्या हातांनी गोल झालेल्या. ज्यानं केलं असेल त्याचे पाय धरावेत. भाव न करता उचललं. आमच्या यांनी रिक्षातून उतरवताना विचारलं, “अगं, हे खूप बुटकं नाही का?” मी ऐकलं कुठे!

सासूबाईंनी ते न्याहाळलं, वाकता येईना तरी चष्मा लावून न्याहाळलं, आणि म्हणाल्या, “अवं, हा चौरंग हाय. थ्या पायाले पाह्य, केळीचे खुंट बांधून बांधून वळ पडले. फटीत कुंकू हाय अजून. देवाच्या जागेवर मले बसवते का?”

खरंच कुंकू होतं. सत्यनारायणाचा चौरंग! जन्मभर चौरंगापुढे प्रसाद घेतलेली मी, आणि मला ओळखू आला नाही. फळी उलटी करून खाचांचं कौतुक केलं, पण कुंकू दिसलं नाही. तो मुकाट्यानं देवघरात गेला. गणपती आता त्याच्यावर इतके रुबाबात बसतात की हलवायची सोय नाही.

दुसरं मिळालं एका बंद पडलेल्या फोटो स्टुडिओचं. लोखंडी पाय, वर वेताची गोल विणकाम केलेली बैठक, साठ-सत्तर साली लोक ज्यावर ताठ बसून लग्नाचे फोटो काढून घ्यायचे ना, तसं. वेत अजून ठणठणीत, एक काडी तुटलेली नाही. सासूबाईंना दोघांनी धरून बसवलं. पाय अधांतरी.

“मी का पोपट हाओ दांडीवर बसाले?”

हे हसले, मलाही हसू आलं, पण सासूबाई हसल्या नाहीत. उतरल्या आणि आपल्या खोलीत गेल्या. त्या दिवशी मला पहिल्यांदा धसका बसला. हा स्टुलाचा खटाटोप फसला तर ही बाई पलंगावरच म्हातारी होईल. तोवर ती म्हातारी झाली आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मग इरेला पेटून धरमपेठेतल्या मोठ्या दुकानातून एक नवंकोरं आणलं, मऊ, मखमली. त्यात त्या अशा रुतल्या की बाहेर काढताना यांची कंबर धरली. नव्याला मी नावं ठेवणार नाही, आमच्या नातीनं ते पटकावलं आणि ती त्यावर राणीसारखी बसते.

शेवटी एका मैत्रिणीनं आपला सुतार पाठवला. साठीचा माणूस, कानावर पेन्सिल. मी मोबाइलवर पाच-पन्नास फोटो जमवून ठेवले होते. त्यानं एकाकडेही ढुंकून पाहिलं नाही.

“ताई, रद्दी हाय का घरी?”

न्हाणीघरातलं प्लास्टिकचं बुटकं स्टूल त्यानं भिंतीला टेकवलं, त्यावर वर्तमानपत्रांचे गठ्ठे रचले, दोन्ही हातांनी घट्ट धरलं आणि म्हणाला, “बसा आजी. आता कोणाले न धरता उठा.” उठता येईना. एक गठ्ठा वाढवला. मी हात पुढे केला की मला दटावायचा, “तुम्ही नोका धरू, ताई. बसता तर कोणालेही येते. उठता आलं पाह्यजे.” पाचव्या खेपेला सासूबाई आपल्या आपण उठल्या, पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. तेव्हा कुठे त्यानं खिशातून टेप काढला. तीन ठिकाणी फिरून मी लाकूड पाहत होते, हा माणूस गुडघे पाहत होता. मी त्याला मनातल्या मनात हात जोडले आणि चहा ठेवायला आत गेले.

आठवड्यानं तो वस्तू घेऊन आला. बाभळीचं रुंद स्टूल, उठताना टेकायला बाजूला मूठ. समोर ठेवायला छोटं मेज, त्यात विळीची फळी सरकवून अडकवायची खाच, म्हणजे विळी पायानं दाबून धरायला नको. सासूबाई वॉकर घेऊन स्वयंपाकघरात आल्या, आपल्या दोन फरश्यांवर स्टूल ठेवून घेतलं, बसल्या, आणि एक वांगं चिरून बघितलं. माझ्या जिवात जीव आला.

तेवढ्यात सुतारानं जिन्यातून आणखी एक स्टूल आणलं. उंच, अरुंद, पाय टेकायला आडवी दांडी.

“हे आमचं नाही,” मी म्हटलं.

“तुमचंच हाय, ताई. तुम्ही चहा ठेवाले गेल्या ना, तवा आजीनं घडी केलेल्या कपड्यांतली तुमची सलवार काढून देल्ली मापाले.”

मी सासूबाईंकडे बघितलं. त्यांनी विळीवरून मान वर केली नाही.

“इतकी वर्षं मी खाली बसून तुहे पायच पाहून राहिली ना वं. घोट्यापाशी पहिली नस फुगली, थे तुले माईत नसन, मले माईत हाय. खाली बसलेल्या मानसाले दुसरं का दिसते? रोज म्हनो, हिले बस म्हनाव. मग वाटे, भाजी कोन करन. नाई म्हटलं.” त्यांनी वांग्याची फोड पाण्यात टाकली. “बस आता.”

डोळ्यांतलं पाणी ओढणीला पुसलं, स्टूल ओट्यापाशी ओढलं आणि मी बसून फोडणी घातली.