शिकंज्यातली रायफल

नव्या गोळ्या आल्या, की आमचे सर रायफल लोखंडी शिकंज्यात आवळून बसवतात. नेमबाजाचा श्वास, नाडी, मन सगळं वगळायचं आणि फक्त गोळी पारखायची. प्रत्येक पेटीतल्या पाच गोळ्या झाडायच्या आणि पुठ्ठ्यावरची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली जातात का, ते बघायचं.

आईचं तेरावं उरकून परवा मी रेंजवर गेले. पहिल्या पेटीची भोकं विखुरली, दुसरीची जवळजवळ पडली. "आता हातानं मार," सर म्हणाले. एरवी दंडाला आवळलेल्या रायफलच्या पट्ट्यातून माझी नाडी रायफल हलवते. त्या दिवशी काहीच हललं नाही. पाचही भोकं रुपयाखाली गेली.

इतकी वर्षं मी हेच तर मागत होते. माणूस आतून निघून गेला, की हात असा स्थिर होतो, हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

सरांनी खुशीत पुठ्ठा माझ्यापुढे धरला आणि नेहमीच्या सवयीनं म्हणाले, "जा, आईला दाखव!"

मग त्यांनी जीभ चावली. पुठ्ठा त्यांच्या हातात थरथरत होता.

मी तो घेतला. माझा हात तेव्हाही हलला नाही.