वन्सं बऱ्या होऊन आल्या तेव्हा

ओल्या कडब्याचा वास आला की मला खुटबावचा आमचा गोठा आठवतो, आणि दारात पिशवी घेऊन उभ्या असलेल्या सुमनवन्सं.

माझ्या लग्नाचं पहिलंच वर्ष होतं. नणंदेला, म्हणजे वन्संना, क्षय झाला म्हणून सासरच्यांनी टाकलं होतं. मिशनच्या दवाखान्यात राहून त्या बऱ्या झाल्या आणि दौंडला गाडीतून उतरून माहेरी आल्या. गाल भरले होते. हसत होत्या. चांगलं खायचं आणि मोकळ्या हवेत राहायचं, एवढंच डॉक्टरांनी सांगितलं होतं.

सासूबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेरच थांबवलं.

"गोठ्यात ऱ्हा. घरात लेकरं हायत."

"आई, मी बरी झालीया. डाक्तरांनीच धाडलंय मला."

"डाक्तरला काय हितं नांदायचंय? उद्या गाव आपल्याला हिरीवर चढू द्यायचं न्हाई."

शेजारणी आपापल्या दारांतून बघत होत्या. सासूबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती, पण त्या दारातून हलल्या नाहीत. तेव्हा मला त्या दगडाच्या वाटल्या. आता वाटतं, लेकीच्या आजारापेक्षा सासूबाई त्या बघणाऱ्या डोळ्यांना जास्त भ्यायल्या होत्या.

वन्संना भाकरी लांबूनच मिळायची. पावसाळाभर गोठा गळत राहिला. ओल, शेण, धूर. दिवाळीला खोकला परत आला आणि थंडीत त्या गेल्या.

दहाव्यानंतर विहिरीवर एक शेजारीण म्हणाली, "आमी म्हनत व्हतो न्हवं, ती बरी झालीच न्हवती."

सगळ्या बायकांनी माना हलवल्या. सासूबाईंनीही हलवली.