पासवर्ड म्हणजे घराची किल्ली

सुरतेत, उधन्यातल्या एका साडी छपाईच्या मिलमध्ये मी कॉम्प्युटर सांभाळतो. सांभाळतो म्हणजे काय करतो, हे माझ्या सासऱ्यांना अजून कळलेलं नाही. एकदा त्यांना सर्व्हर दाखवला, तर म्हणाले, "पंखा तर आपोआप फिरतोय, मग तुम्ही काय करता?" तेव्हापासून मी नातेवाइकांना मिल दाखवणं सोडलं.

सर्व्हरची खोली म्हणजे जिन्याखालची जागा. तिथे सर्व्हर, शेठची जुनी छत्री आणि नवरात्राच्या मांडवाचं कापड गुण्यागोविंदाने राहतात. परदेशातल्या एका व्यापाऱ्याने आमचं कापड घ्यायचं ठरवलं आणि त्याआधी आमची माहिती सुरक्षित आहे का ते बघायला एक ऑडिटर पाठवला. ऑडिटरने विचारलं, या खोलीची किल्ली कोणाकडे असते? तिघांनी एकदम खिशात हात घातला. ऑडिटर बराच वेळ लिहीत होता.

मग मी कंबर कसली. वायफाय वेगळं केलं, पेनड्राइव्ह बंद केले, प्रत्येकाला आपापला पासवर्ड दिला. डिस्पॅचचा पेनड्राइव्ह तेवढा चालू ठेवावा लागला, कारण नव्या डिझाइनचे नमुने तिथूनच बाजारात जात. पासवर्ड लोकांनी मोठ्या श्रद्धेने ठेवले. खानदेशातल्यांनी कानबाई घेतली, बाकीच्यांनी आपापली कुलदैवतं. अंक आणि चिन्ह हवं म्हटल्यावर देवीच्या पुढे एक आकडा आणि एक चांदणी आली. दर महिन्याला बदला म्हटल्यावर एकाचा दोन झाला, दोनाचा तीन. देव मात्र कोणी बदलला नाही.

भिंतीवर गुजराती, हिंदी आणि मराठीत सूचना लावली. मराठी मी स्वतः लिहिली: आपला पासवर्ड दुसऱ्यास सांगणाऱ्यास कामावरून कमी करण्यात येईल. ऑडिटरला ती फार आवडली. त्याला मराठी येत नव्हतं.

शेवटी कँटीनमध्ये सगळ्यांना बसवून समजावून सांगितलं. हे समजावणं मी एका कोर्समध्ये शिकलो होतो. त्यात एक हमखास वाक्य होतं, ते मी म्हटलं: "पासवर्ड म्हणजे आपल्या घराची किल्ली. घराच्या किल्लीसारखाच तो जपायचा." सगळ्यांनी माना डोलावल्या. सर्वांत जोरात मान डोलावली ती ताईंनी. मला धन्य वाटलं.

ताई म्हणजे डिंडोलीतल्या आमच्या शेजारीण. आमची भिंत एक. त्या डिस्पॅचमध्ये माल पाठवायची चलनं बनवायच्या. कॉम्प्युटर शिकल्या त्या चाळिशीनंतर, लेकीकडून. नवऱ्याचा हात लूममध्ये सापडला तेव्हापासून घर त्यांच्याच नोकरीवर उभं होतं. लेक नर्सिंगला होती. मला त्या भाऊ म्हणायच्या आणि मिलमध्ये सगळ्यांना सांगायच्या की कॉम्प्युटरवाला आमच्या शेजारचा आहे. त्यामुळे त्यांचा माउस बिघडला की मी जेवण सोडून धावायचो.

आमच्या गल्लीची एक रीत आहे. गावी जायचं म्हटलं की किल्ली शेजारी द्यायची. गॅसची बाटली येते, नळाला पाणी येतं, मागच्या ओट्यावर तुळस असते. आमच्या स्वयंपाकघरात एक खिळा होता तो फक्त ताईंच्या किल्लीसाठी, आणि त्यांच्याकडे देव्हाऱ्याच्या बाजूला आमच्यासाठी एक. किल्ली न देता गावी जाणं म्हणजे भांडण जाहीर करणं. कोर्स लिहिणाऱ्याला ही गल्ली माहीत नव्हती. मला माहीत होती, पण कँटीनमध्ये उभं राहिल्यावर मला कोर्सच आठवला.

आखाजी आली. खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशीण माहेरी जाते, झोक्यावर बसते, गाणी म्हणते, आमरसात पुरणपोळी बुडवते. ताई दरवर्षी जायच्या. त्या वर्षीही नवरा-लेकीला घेऊन पॅसेंजरने गेल्या. जाताना घराची किल्ली माझ्या बायकोला दिली आणि पासवर्ड सँपल खात्यातल्या माणसाला. तो त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसायचा.

त्या माणसाने चलनं बनवली. मग स्वतः चहाला जाताना पासवर्ड गोडाऊनवाल्याला दिला. गोडाऊनवाल्याने तो टेम्पोवाल्याला फोनवर सांगितला, कारण टेम्पोवाल्याला आपला नंबर कधी लागणार हे बघायचं होतं. कानबाईचं नाव होतं, लक्षात ठेवायला कोणालाच जड गेलं नाही.

पुढे काही आठवड्यांनी शेठनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्यांच्या मोबाइलवर बाजारातल्या एका दुकानातल्या साडीचा फोटो होता. पदरावर मोर होता. हा मोर आमच्या दिवाळीच्या मालासाठी काढलेला होता आणि अजून आमच्याच कापडावर बसला नव्हता.

"मोर तो आपणो ज छे," शेठ म्हणाले. मोराची मान तेवढी दुसरीकडे वळवली होती.

मी सर्व्हर उघडून बघितलं. डिझाइनचं सगळं फोल्डर डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर गेलं होतं, ऐन आखाजीच्या दुपारी, ताईंच्या नावाने. कॅमेरा बघावा म्हटलं, तर डिस्पॅचचा कॅमेरा चहाच्या टेबलाकडे वळवलेला. मध्यंतरी साखर फार जात होती. साखर कोण नेतं ते त्यात स्वच्छ दिसत होतं. सँपलवाला आखाजीच्याच आठवड्यात नोकरी सोडून गेला होता. सगळ्यांना कळलं, पण दाखवायला हातात काही नव्हतं.

"बाई चोर है?" शेठनी विचारलं.

"बाई सूरत में थी ही नहीं," मी म्हणालो. "उनके घर की चाबी उस दिन मेरे किचन में टँगी थी."

बोलून गेलो आणि मग लक्षात आलं. त्या इथे नव्हत्या, म्हणजे पासवर्ड दुसऱ्याकडे होता. पासवर्ड दुसऱ्याकडे होता, म्हणजे त्यांनी दिला होता. शेठ मागे वळून भिंतीकडे बघू लागले. माझी सूचना तीन भाषांत टांगलेली होती. ताई चोर ठरल्या तरी जाणार होत्या आणि चोर नाहीत हे सिद्ध झालं तरी जाणार होत्या.

त्यांना आत बोलावलं. एकच आशा होती, की त्या खोटं बोलतील. पण ताईंना खोटं बोलायचं कारणच दिसत नव्हतं. म्हणाल्या, हो, दिला. मग माझ्याकडे वळून, शेठना कळू नये म्हणून नव्हे तर सवयीने, अहिराणीत म्हणाल्या, "चावी दिधा बिगर घर कसं सोडानं, भाऊ? तुम्हीच तं सांगं व्हतं."

मी सांगितलं होतं. अक्षरशः तेच सांगितलं होतं.

शेठ म्हणाले, नियम म्हणजे नियम, ऑडिटर परत येणार आहे. ताईंचा चेहरा तेव्हा कुठे बदलला. पदराचं टोक त्यांनी मुठीत धरलं आणि लेकीचं शेवटचं वर्ष आहे एवढंच म्हणाल्या, तेही कोणाला उद्देशून नाही. मला इतका राग आला की कोणाचा आला हे बघायलाही वेळ मिळाला नाही.

"शेठ," मी म्हणालो, "नियम लगाएँगे तो गेट तक पहले आपको छोड़ने जाना पड़ेगा."

मी पुढे सांगितलं. शेठचा पासवर्ड त्यांचा मुलगा वापरतो. मुनीमजी वापरतात. बँकेचा ओटीपी येतो तो ड्रायव्हरच्या मोबाइलवर, आणि ड्रायव्हर तो पार्किंगमधून वरच्या खिडकीकडे ओरडून सांगतो. समोरच्या मिलचा वॉचमनही तो ऐकतो. हे सगळं मी ऑडिटरपासून लपवून ठेवलं होतं, नोकरीचा भाग म्हणून.

शेठनी चहा मागवला. आता दोन माणसं जाणार असं धरून मी मनातल्या मनात डिंडोलीतल्या घराचं भाडं आठवत होतो. शेठनी बशीत ओतून चहा संपवला आणि म्हणाले, "बाईने रहेवा दे." मग माझ्याकडे बोट केलं. "मगर तुम समझाओ. बराबर समझाओ. दुबारा हुआ तो दोनों जाओगे."

त्या संध्याकाळी मी ताईंच्या ओट्यावर बसलो आणि बराबर समजावलं. आता किल्लीचं उदाहरण घ्यायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण ताईच त्यावर आल्या. "म्हणजे चावी कोणालाच द्यायची नाही?"

"कोणालाच नाही."

"शेजारी?"

"शेजारीपण नाही."

"तुम्हाला?"

"मलासुद्धा नाही, ताई. मी मागितली तरी नाही. काही झालं तर नाव तुमचंच येतं."

ताई सगळं मन लावून ऐकत होत्या. नवऱ्याला बाहेर बोलावून त्यांनी मला ते पुन्हा सांगायला लावलं. मी पुन्हा सांगितलं. आत देव्हाऱ्याच्या बाजूला आमच्या किल्लीचा खिळा दिसत होता.

पुढच्या ऑडिटमध्ये आम्ही पास झालो. ऑडिटर वेश पालटून, हेड ऑफिसचा माणूस म्हणून डिस्पॅचमध्ये गेला आणि ताईंकडे पासवर्ड मागितला. ताईंनी दिला नाही. त्याने शेठचं नाव घेतलं, तरी दिला नाही. त्याने अहवालात त्यांचं कौतुक लिहिलं. शेठनी पेढे वाटले.

मग आखाजी आली. सकाळी ताई पिशव्या घेऊन बाहेर पडल्या, कुलूप लावलं, दोनदा ओढून बघितलं. माझी बायको दारात उभी होती, नेहमीसारखी. तिने हात पुढे केला. ताईंनी किल्ली आपल्या बटव्यात ठेवली, बटवा कमरेला खोचला आणि हसून म्हणाल्या, "आते मन्हाजोडेच ऱ्हाऊ दे, बहीण." त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावर बोलता येतं. बायको दिवसभर मला विचारत होती की आपण त्यांचं काय केलं.

मी मनाची समजूत घातली की हे एका वर्षापुरतं असेल.

दिवाळीला आम्ही गावी निघालो. मी मुद्दाम स्वतः किल्ली घेऊन गेलो. म्हटलं, आपण दिली तर त्यांनाही कळेल, मिल वेगळी आणि गल्ली वेगळी. ताई फराळाचं तळत होत्या. हात पुसून बाहेर आल्या, किल्ली बघितली आणि दोन्ही हात मागे घेतले.

"नको, भाऊ," त्या म्हणाल्या. "काही गये तं मन्हं नाव येई."

आतल्या भिंतीवर खिळा नव्हता. तिथे लेकीच्या नर्सिंगच्या पदवीची तसबीर लागली होती. मी तसबीर छान आहे म्हणालो. त्यांनी गरम चकल्या बांधून दिल्या, गाडीत पोरांना खायला. मी त्या घेतल्या आणि किल्ली खिशात घालून स्टेशनकडे निघालो.