खाऱ्या पाण्यात पाय

माझा मित्र श्रावण गेला त्या सकाळी मी यवतमाळच्या दवाखान्यात त्याच्या पलंगाशी उभा होतो. पाय मांडीपर्यंत काळानिळा, त्यावर फोड... तापात बडबडत होता, "गाडी भरली का?" मी म्हटलं, भरली. तेवढंच शेवटचं बोलणं.

आम्ही घाटंजीकडचे, एका गल्लीत वाढलेले. मी चौथीत शाळा सोडली, तो सातवी शिकला, तरी शब्द माझाच चालायचा. कापसाला भाव नव्हता ती सालं. जिनिंगमध्ये हमाली करता करता त्याला दोनदा कावीळ झाली, लिव्हर कामातून गेलं. तरी डिसेंबरात चैत्यभूमीला यायचंच म्हणाला. आदल्याच आठवड्यात वावरात कापसाच्या पऱ्हाटीचं खुट टाचेत घुसलं होतं.

समुद्र त्यानं पहिल्यांदा पाहिला. लांबच उभा राहिला. "मले भेव लागते बा. पाय ठणकून राह्यला."

"कायले भेतं बे? घरी मिठाच्या पाण्यात पाय शेकतंच ना? इथं तर मीठ फुकटचं. बुडव."

बुडवला. हसलाही. दुसऱ्या दिवशी गाडीतच ताप भरला, आणि धामणगावला उतरलो तेव्हा चपलेत पाय मावेना.

दवाखान्यात नेलं त्या सकाळीच डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काका, जखम कुठं भिजली होती? तलाव, समुद्र?" मी म्हटलं, "वावरात खुट लागलं." खोटं नव्हतं. पुरतं खरंही नव्हतं. माझ्या सांगण्यावरून झालं, हे चारचौघांत बोलायला जीभ उचलेना. संध्याकाळी सांगितलं. बाई तशाच उठल्या, औषध बदललं. म्हणाल्या, समुद्राच्या पाण्यात एक जंतू असतो, धडधाकट माणसाला तो सहसा काही करत नाही. पण लिव्हर खराब असलेल्याच्या जखमेतून शिरला, की रक्तात पसरायला एक दिवस पुरतो. तो दिवस मी घालवला का, हे मी त्यांना विचारलं नाही. अजूनही नाही.

श्रावणची बायको, शेवंतावहिनी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात, "भाऊजीमुळं त्यायनं समुद्र तरी पाह्यला." मी मान खाली घालतो. त्यांना वाटतं, दुःखानं. तोंडानं सांगायला तीनदा गेलो, चहा पिऊन परत आलो.

रविवारी नात त्यांना पेपरची ही पुरवणी मोठ्यानं वाचून दाखवते. म्हणून इथं लिहिलं, वहिनी. हे छापून येईल त्या सकाळी मी येतो. अंगणात श्रावण बसायचा त्या बाजेवर बसतो. पोरगी वाचेल, तुम्ही ऐका... मी मधातून उठणार नाही.