तीस हजार एकतीसला कशाने भाग जातो

रविवार, १९ मार्च १९९५, सकाळ. हजर: माझे सासरे म्हणजे आबा, गणिताचे निवृत्त शिक्षक, नवरा, केंद्र सरकारात नोकरीला, मुलगी, इयत्ता सातवी, आणि मी. विषय: नोएडातल्या नव्या फ्लॅटच्या वाटपपत्रावरचा नंबर, ३००३१.

महिनाअखेर दिल्लीतलं सरकारी क्वार्टर सोडायचं होतं. आबा मात्र एकटेच साताऱ्याला राहायला निघाले होते. “यमुनेपलीकडे मी काय क्रेन मोजत बसू?” दोन महिन्यांपूर्वी ते जिन्यात चक्कर येऊन पडले होते, त्यामुळे त्यांना एकटं सोडायला मी तयार नव्हते. आठवडाभर वाद झाल्यावर त्यांनीच अट घातली.

“नंबर मूळ संख्या निघाला तर येतो. ज्याला एक आणि तो स्वतः सोडून कशानेच भाग जात नाही, ते घर फुटत नाही.”

“आबा, नंबर सोसायटीच्या क्लार्कने दिलाय, ब्रह्मदेवाने नाही,” नवरा म्हणाला.

“सरकारात राहून तुला दोघांतला फरक कळतो?”

मी तक्ता आखला. वर्गमूळ १७३ च्या आसपास, म्हणून तिथपर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. त्या भरल्या चाळीस. माणशी दहा. पहिल्या दहा माझ्या. दोनने भागलं, बाकी एक. तीनने, एक. पाच, सात, अकरा, तेरा, प्रत्येक वेळी एकच.

“मम्मी, हा नंबर बिल्कुल अडियल आहे यार.”

“मराठीत हट्टी म्हणतात,” आबा म्हणाले.

“आपल्यातलाच दिसतो,” नवरा त्यांच्याकडे बघत म्हणाला. तो स्वतः ८३ वर अडकला होता. “अगं, कॅलक्युलेटर?”

“तू ऑफिसात विसरलास. भाग.”

आबांकडे ३१ ते ७१ होत्या. आयुष्यभर भागाकार शिकवलेल्या माणसाने कागद सगळ्यांत शेवटी दिला. “कशानेच भाग जात नाही. माझी ट्रंक टेम्पोत पुढे ठेवा.”

ते आले. आता भाजीवाल्यालासुद्धा सांगतात, “भैया, हमारा घर अविभाज्य है।” तो बिचारा वर कोथिंबीर देतो.

गेल्या महिन्यात फायली लावताना तो तक्ता सापडला. आबांच्या रकान्यात ५९ समोर भागाकार ५०९, बाकी १. मी सहज गुणून पाहिलं. ५९ गुणिले ५०९ बरोबर ३००३१. मग चष्मा लावून तो एक नीट पाहिला. ते आधी शून्य होतं. त्याला खाली शेपूट जोडलं होतं.

बाकी चुकली की अर्धा मार्क कापणारे आबा!

नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, “विचारू नकोस. ट्रंक अजून कॉटखालीच आहे.”

माझ्या दर सोमवारच्या कामांच्या यादीतलं सातवं काम: आबांना ५९ बद्दल विचारणे. चार सोमवार झाले, ते पुढच्या यादीत ढकलते आहे.